कतिनामावशीचे उकडलेले गहू

ही गोष्ट मी आजवर तीन तऱ्हांनी सांगितली आहे, आणि तिन्ही वेळा मी तिच्यात बरी दिसते. नवऱ्याला सांगितली तेव्हा मी वडिलांची नोकरी वाचवणारी शूर मुलगी होते. मैत्रिणींना सांगितली तेव्हा मी गोंधळलेलं लेकरू होते. माझ्या मुलांना सांगितली तेव्हा तर मी गोष्टीत जवळजवळ नव्हतेच, सगळी गोष्ट शेजारच्या ग्रीक म्हातारीची झाली होती. आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्नात, बारशाला, गाडी बंद पडली की रस्त्याच्या कडेला, कुणीतरी म्हणतंच, मनू, सांग ना काहीतरी. आता चाळिशी आली, चष्मा आला, डोक्यावरचे केस रंगाच्या मेहेरबानीवर काळे आहेत. तेव्हा म्हटलं, एकदा ही गोष्ट मी जशी होते तशी सांगून बघावी.

आम्ही अमेरिकेत फ्रीमाँटला राहत होतो. मी पंधरा वर्षांची. कॉम्प्लेक्सच्या मागच्या बाजूला तळमजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर. आईनं कुंडीत कढीलिंब लावला होता आणि हिवाळ्यात ती त्याला जुना स्वेटर गुंडाळायची. भिंती इतक्या पातळ की शेजारच्या घरातली कॉफी उकळून वर आली की आमच्याकडे आई म्हणायची, "गेली बाई तिची ऊतू." घरात कुकरच्या शिट्ट्या, बाबांचं खोकणं आणि जुन्या टेलिफोनची घंटा. त्या फोनचा आवाज कमी करायचं बटण तुटलेलं होतं, त्यामुळे पलीकडचा माणूस काय बोलतो हे सगळ्या घराला ऐकू जायचं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बाबांची नोकरी त्या वर्षी गेली. एकट्या बाबांची नाही, आमच्या पार्किंगमधल्या अर्ध्या गाड्या दिवसाढवळ्या जागच्या जागी दिसायला लागल्या होत्या. नागपूरचे देशपांडेकाका भांडीकुंडी वाटून परत गेले, त्यांचा पोळपाट आमच्याकडे आला. व्हिसा संपायला बाबांच्या हातात तीन आठवडे उरले होते. सांता क्लाराच्या एका कंपनीत दोन फेऱ्या झाल्या होत्या, शेवटची सोमवारी होती. वकिलानं बजावलं होतं: ही नोकरी मिळून कागद पुढे जाईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलंत तर परत यायचं विसरा. हे वाक्य आमच्या घरात देवघरासारखं होतं, त्याच्यासमोरून जाताना सगळे आवाज खाली आणत. बाबा आरशासमोर उभे राहून इंग्रजी उत्तरं पाठ करायचे. "माझी सर्वांत मोठी उणीव म्हणजे मी फार परिश्रम करतो," असं त्या इंग्रजीचं मराठी. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अहो, असं कोणी स्वतःहून सांगतं का?"

आणि या सगळ्यात मी काय करत होते, तर ग्रीसचं पोस्टर. शाळेत इतिहासाच्या बाईंनी वर्षाअखेरचं काम दिलं होतं: एक देश घ्या आणि त्याला अगदी जुन्या काळापासून आजपर्यंत आणून सोडा. मला भारत हवा होता, पण यादीवर पूजा नावाच्या मुलीनं आधीच सही केली होती. उरले होते ग्रीस आणि बेल्जियम. ग्रीस घेण्यामागे माझी खोल सांस्कृतिक ओढ होती असं मी पुढे कॉलेजच्या अर्जात लिहिलं. खरं कारण असं की शेजारी एक ग्रीक म्हातारी राहत होती आणि तळेगावात माझे अण्णा होते. म्हणजे मला वाचायला काहीच लागणार नव्हतं.

अण्णा, म्हणजे बाबांचे वडील, जन्मभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. दरवर्षी मुलांना कार्ल्याच्या लेणीवर न्यायचे आणि चैत्याच्या आत एका खांबाला हात लावून म्हणायचे, "हा खांब एका यवनानं दिलाय. यवन म्हणजे ग्रीक. कुठून आला, का आला, काही ठाऊक नाही. पण खांब दिला आणि नाव लिहून गेला. नाव लिहून ठेवलं की माणूस उरतो." मी सात वर्षांची असताना मला तो खांब अण्णांच्याच कुणा मित्रानं दिलाय असं वाटायचं. फोनवर मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, त्या खांबाचा फोटो सगळ्यांना इंटरनेटवर मिळेल. तुम्ही ती अक्षरं वहीत उतरवून पाठवाल? हातानं? बाई एकदम इम्प्रेस होतील." अण्णा हसले. "जातो की. पाय अजून माझेच आहेत." त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. कार्ल्याच्या पायऱ्या मोजायचं मला सुचलं नाही.

आता कतिनामावशी. वयानं सत्तरीच्या पुढची, बुटकी, बारा महिने काळे कपडे, आणि कानात दोन सोन्याच्या रिंगा. तिचं इंग्रजी इतकं ग्रीक आणि माझ्या आईचं इतकं मराठी की दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं, अमेरिकन लोकांना दोघींचंही नाही. मावशी म्हणायला आईनंच मला लावलं. मी तिच्याकडे पोस्टर घेऊन गेले, त्यावर मी देवळाचे पांढरे खांब सुबक चितारले होते. तिनं चष्मा नाकावर ढकलून बघितलं आणि हात झटकला. "सगळ्यांना संगमरवरच पाहिजे! तो संगमरवर आणि मी, यांच्यामध्ये दोन हजार वर्षं गेली. तेवढ्या वर्षांत लोक काय खात होते, कुणाला पुरत होते, ते कुठे आहे?" मग ती सांगायला लागली. चारशे वर्षं तुर्कांचं राज्य, आणि तरी कॉफीला तुर्की म्हटलं की तिची भिवई वर. तिची आई समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावरची, जळत्या गावातून बोटीत चढून आलेली निर्वासित. मग अथेन्समध्ये लहानशी खोली, मग लढाई, मग जर्मन, मग भुकेचा हिवाळा, मग भाऊ भावावर उठलेला, मग एका फोटोवरून ठरलेलं लग्न आणि इथल्या जर्दाळूच्या कारखान्यात डबे भरणं. परत जायचं ठरलं तर तिकडे लष्कराचं राज्य आलं, आणि ते गेलं तोवर गुडघे गेले. हे सगळं पोस्टरच्या एका कोपऱ्यात बसवायचं होतं, पण मी खांब फारच मोठे काढून ठेवले होते.

त्या शनिवारी सकाळी आई-बाबा कपडे धुवायला कॉम्प्लेक्सच्या धुलाईखोलीत गेले होते. मी वाडग्यात दूध-पोहे खात होते, साखर जास्त घालून, कारण आई नव्हती. फोन वाजला. श्रीकाका होता, बाबांचा धाकटा भाऊ. बाबांना तो दादा म्हणतो. मागे हॉस्पिटलची गडबड, कुणाची तरी चप्पल फरफटत गेलेली मला अजून ऐकू येते.

"मनू, दादा आहे?"

"कपडे धुवायला गेलेत. काय झालं?"

"हे बघ, घाबरू नकोस. अण्णांना अ‍ॅडमिट केलंय. हार्ट. गुरुवारी एकटेच लेणीवर गेले गं, वही घेऊन. म्हणे मनूला अक्षरं पाहिजेत. उतरताना पायरीवरच बसले ते उठलेच नाहीत. शुद्धीत आहेत. दादाची आठवण काढतायत सारखी. दादाला म्हणावं, अण्णा विचारतायत, फोन कर. नंबर लिहून घे."

मी नंबर लिहून घेतला, पोस्टरच्याच मागच्या बाजूला. फोन ठेवला. पोहे मऊ होऊन दूध प्यायले होते.

लोकांना सांगताना मी इथे म्हणते, मला सोमवारचा इंटरव्ह्यू दिसत होता. बाबांनी अण्णांचा आवाज ऐकला असता तर संध्याकाळच्या विमानात बसले असते, आणि वकिलाचं ते वाक्य. खोटं नाही ते. पण ते मनात दुसरं आलं. पहिलं काय आलं, तर आता सगळ्यांना कळणार की अण्णा माझ्यासाठी वर चढले. पंधरा वर्षांच्या माणसाला एवढ्या झपाट्यानं सबब सुचते हे मला स्वतःच्या बाबतीत अजून थक्क करतं. आई-बाबा घड्या घातलेले कपडे घेऊन आत आले, आईनं विचारलं, "फोन वाजला का गं?" आणि मी म्हटलं, "सेल्सवाला होता."

दुपारी ठरल्याप्रमाणे कतिनामावशीकडे गेले. ती चर्चमधून नुकतीच आली होती. त्यांच्यात वर्षातले काही शनिवार मेलेल्यांचे असतात. त्या दिवशी गहू उकडतात, कापडावर पसरून कोरडे करतात, त्यात मनुका, अक्रोड, डाळिंबाचे दाणे, दालचिनी, वरून पिठीसाखरेचा जाड थर, आणि ते ताट चर्चमध्ये नेऊन मेलेल्यांची नावं वाचून घेतात. मग सगळ्यांना वाटतात. आईला पहिल्यांदा दिले तेव्हा ती चाखून म्हणाली होती, "ही तर आपली गव्हाची खीर, दूध घालायचं राहिलेली." मावशीनं माझ्यासमोर वाटी ठेवली. मी वही उघडली आणि विचारलं, "हे कोणासाठी?"

"बापासाठी," ती म्हणाली. "भुकेच्या हिवाळ्यात गेला. मी अकरा वर्षांची. सकाळी उठलो तर तो थंड. आई म्हणाली, झोपलाय. खबर दिली असती तर त्याचं रेशनचं कार्ड गेलं असतं ना. मग त्याला आम्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला, पांघरूण घालून. नऊ दिवस. नऊ दिवस त्याच्या वाटणीची भाकर आणली आणि खाल्ली. मला ठाऊक होतं. मी खाल्ली. नंतर गाडी आली, बाकीच्यांबरोबर नेला. कुठे पुरला, देव जाणे. म्हणून गहू." तिनं माझ्या वाटीतली साखर चमच्यानं सारखी केली. "लिही ना. तुझ्या खांबांच्या खाली लिही."

मला लिहिता आलं नाही. मी रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं, फोन, पायऱ्या, अक्षरं, सेल्सवाला. ती ऐकत होती. मग तिनं माझा कान धरला, खरोखर धरला, आपल्याकडच्या मास्तरांसारखा. "पुली मू," ती म्हणाली. म्हणजे माझ्या पाखरा, रागावतानाही ती हेच म्हणायची. "माझा बाप मेलेला होता, त्याला आता काही लागत नव्हतं. तुझा म्हातारा जिवंत आहे. तो वाट बघतोय. ऊठ. आत्ता जा."

मी उठले. दारातून दारात, दहा पावलं. आत बाबा पांढरा शर्ट इस्त्री करत होते. कॉलरवर पाण्याचा हबका मारत पुटपुटत होते, "मी फार परिश्रम करतो, मी फार परिश्रम करतो." आईनं त्यांच्या आवडीची डाळिंबी उसळ केली होती, बिरडी सोलून तिची नखं पिवळी झाली होती. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा घरात कुणीतरी काहीतरी हौसेनं करत होतं. मी ठरवलं, सोमवारी दुपारी सांगायचं. इंटरव्ह्यूहून आले की लगेच. दोनच दिवस. अण्णा दोन दिवस थांबतील. त्या दोन दिवसांत मी अण्णांशी मनात इतकं बोलले, जणू फोन त्यांच्याच हातात होता. उसळ मी दोनदा घेतली, तेही सांगून टाकते.

रविवारी संध्याकाळी फोन वाजला. मी धावले, पण बाबा जवळ होते.

"दादा." पलीकडचा आवाज साऱ्या घरात. "गेले रे अण्णा."

बाबा उभेच राहिले. आई ओट्यावरून हात पुसत बाहेर आली.

"कधी?"

"आत्ता पहाटे. शेवटपर्यंत विचारत होते, दादाचा फोन आला का, दादाचा फोन आला का. मी म्हणत होतो, येईल, तिकडे रात्र असेल. तुला निरोप मिळाला ना? मनूजवळ दिला होता मी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं असणार, तो तसलाच चेहरा आहे, काही लपत नाही म्हणून मी पत्त्यांत कायम हरते. मग ते फोनमध्ये म्हणाले, "मिळाला."

"मिळाला?"

"मिळाला रे. मला जमलं नाही."

"जमलं नाही?" श्रीकाकाचा आवाज चिरला. "एक फोन करायला जमलं नाही तुला?"

"इंटरव्ह्यूचं चाललं होतं," बाबा म्हणाले.

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाजही घरभर ऐकू आला.

मला एक थोबाडीत हवी होती. त्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली असती. बाबांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काय म्हणाला होता श्री? शब्द न् शब्द सांग." मी सांगितलं. अण्णा विचारतायत, फोन कर. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "श्रीला हे कळता कामा नये. तू लहान आहेस. जन्मभर तो तुझ्याकडे त्याच नजरेनं बघेल." आई तोंडात पदर कोंबून उभी होती. शर्ट हँगरला तसाच टांगलेला, कडक.

मोठ्या मुलानं बाप गेल्यावर डोकं आणि मिशी उतरवायची असते. सोमवारी सकाळी बाबा मिशीला कंगवा लावून सांता क्लाराला गेले, कारण गुळगुळीत डोक्याचा माणूस कंपनीला कसा वाटेल. नोकरी मिळाली. ज्या बातमीची घरानं दोन महिने वाट पाहिली होती ती आली तेव्हा आई फक्त म्हणाली, "बरं." दहाव्या दिवशी बाबांनी न्हाणीघरात स्वतःच्या हातानं मिशी उतरवली आणि डोक्यावरून मशीन फिरवलं. पाठीमागे दोन-चार ठिकाणी केस राहून गेले, ते मी काढले. मान वाकवून बसले होते.

बारा दिवसांनी एक पाकीट आलं. श्रीकाकाच्या अक्षरात पत्ता, आत चिठ्ठी नाही. वहीची दोन पानं, पेन्सिलनं उतरवलेली खांबावरची अक्षरं, शेवटची ओळ तिरपी गेलेली. मी ती पोस्टरवर लावली नाहीत. इंटरनेटवरून फोटो काढून चिकटवला, सगळ्यांसारखाच.

चाळिसाव्या दिवशी कतिनामावशीनं आमच्यासाठी गहू केले. आईकडून नाव विचारून घेतलं आणि चिठ्ठीवर ग्रीक अक्षरांत लिहिलं. त्यांच्यात फक्त त्यांच्याच धर्माच्या लोकांची नावं वाचतात, पण अण्णा हे नाव त्यांच्याकडे बायकांचं. पाद्रीबाबांनी तळेगावच्या इतिहासाच्या मास्तरांना कुणीतरी पुण्यवान ग्रीक आजी समजून मोठ्यानं पुकारलं. बाबा मागच्या बाकावर बसले होते, वाढत्या खुंटांच्या डोक्यानं. त्या सगळ्या काळात मी त्यांना एकदाच हसताना पाहिलं, ते तेव्हा, आणि हसता हसता त्यांचा चेहरा पार विस्कटून गेला.

मग वर्षं गेली. बाबा दोनदा तळेगावला जाऊन आले, श्रीकाकाच्या घरी जेवले, भाऊ भावाशी बोलला नाही. "वाढा त्याला," असं श्रीकाका काकूला सांगायचा, बाबा समोर बसलेले असताना. फोन आला तर आईसाठी. आणि मी? मी सांगायचं टाळत राहिले, कारण बाबांनीच सांगितलं होतं ना, कळता कामा नये. मोठ्यांचा आदर करण्यात मी कधी एवढी तत्पर नव्हते. दरवर्षी मेलेल्यांच्या शनिवारी मावशी ताट घेऊन यायची आणि दारातच विचारायची, "सांगितलंस?"

"नाही."

"मग खा," ती म्हणायची आणि वाटी पुढे करायची. त्यात टोमणा नव्हता. तिनं स्वतःच्या बापाची भाकर खाल्ली होती, तिला खाण्याबद्दल माहीत होतं. मी खायचे. साखर दाताखाली करकरायची.

मी एकवीस वर्षांची असताना मावशी गेली. तिच्या मुलाला गहू करता येत नव्हते, तो म्हणाला विकत आणू. आईनं त्याला हाकलून दिलं आणि स्वतः दहा माणसांचे गहू उकडले, आमच्याच पंच्यावर पसरले. चाळिसाव्या दिवशीच्या शनिवारी सकाळी आम्ही चर्चमध्ये तिचं नाव ऐकलं आणि घरी आलो. बाबा हॉलमध्ये वाटी घेऊन बसले. मी स्वयंपाकघरात उभी होते आणि मला एकदम कळलं की आता मला विचारणारं कुणी उरलं नाही. यापुढे मला आयुष्यभर कुणी न विचारता गहू मिळत राहणार. मी फोन उचलला. नवा फोन होता, आवाज बारीक.

तळेगावात रात्रीची जेवणं झाली असतील. श्रीकाकानंच उचलला. मी थांबलेच नाही, थांबले असते तर हवापाण्याचं बोलून ठेवला असता. सेल्सवाल्यापर्यंत सगळं सांगितलं. उसळसुद्धा. पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"सहा वर्षं," तो म्हणाला. "सहा वर्षं मी त्याला ताटावर बसवून बोललो नाही गं. ती आता मी कुठे ठेवू?"

तो रडत होता की नुसता श्वास घेत होता, कळेना. मग म्हणाला, "आहे का घरी?"

"आहेत. बोलावू?"

"बोलावू नकोस. निरोप दे."

"काय?"

"तेव्हा जो दिला होता तो. तसाच्या तसा दे. मी धरतो फोन."

मी बाहेर गेले. बाबांच्या मिशीला पिठीसाखर लागली होती. त्यांनी वर पाहिलं, आणि माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि तो माझा चेहरा, ज्यावर काही लपत नाही.

"बाबा," मी म्हटलं, "अण्णा विचारतायत. फोन करा."

त्यांनी वाटी खाली ठेवली, हात पँटला पुसला, आणि फोन कानाला लावला. मग म्हणाले, "श्री, बोल रे. ऐकतोय."